अभ्यासिकेचा जुना कॉम्प्युटर आणि वॅटचा जमाखर्च

जुन्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे, एवढ्या एका विषयावर आमच्या अभ्यासिकेची बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली होती, असे सांगितले तर वाचक बंधू-भगिनी हसतील. पण पैसा वर्गणीचा असला की दहा रुपयांचाही विषय मोठा होतो. आणि तो तसा झालाही पाहिजे.

फलटणच्या आमच्या वस्तीतील अभ्यासिका म्हणजे एक पत्र्याची खोली. दोन लांब टेबले, पुस्तकांचे एक कपाट, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. तो चार वर्षांपूर्वी आम्ही जुनाच घेतला. कुठल्यातरी मोठ्या कार्यालयातून निघालेला, इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय-फाईव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि पाचशे जीबीची हार्डडिस्क. ही पिढी बाजारात आली २०१३ साली. तेव्हा मशीन निवृत्तीच्या वयाचे, पण अंगाने अजून धडधाकट. स्पर्धा परीक्षेची मुले त्यावर फॉर्म भरीत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवीत. तोवर कोणाची तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती गेल्या वर्षी. वस्तीतील एक मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला आहे. तिला घरांचे नुसते आडवे नकाशे नव्हे, तर उभे, चारी बाजूंनी फिरवून पाहता येतील असे नमुने करायचे होते. दोन मुले लग्नाचे व्हिडिओ शूट करून चार पैसे मिळवतात. त्यांना ते कापून जोडायचे होते. तिघेही मशीनपुढे बसले की मशीन माना टाकी. पडद्यावरचे घर हलवले की ते तीन सेकंदांनी हले. शेवटी मुलगी एके दिवशी आम्हाला म्हणाली, "काका, ह्याला ग्राफिक्स कार्ड टाकायला पायजे."

खरे सांगायचे तर, आम्हाला तेव्हा ग्राफिक्स कार्ड म्हणजे गेम खेळण्याचे साधन एवढेच ठाऊक होते. आमचे आयुष्य कार्यालयात आवक-जावक लिहिण्यात गेले. शिक्षण बी.कॉम., तेही नोकरी सांभाळून. कमिटीतील आबा तर स्पष्टच म्हणाले, "पोरास्नी गेमा खेळायच्यात. वर्गणी त्यासाठी न्हाई." मुलीने आबांना उलट उत्तर दिले नाही. ती दुसऱ्या दिवशी एक वही घेऊन आली आणि आम्हाला समजावू लागली. तिने सांगितले ते आमच्या भाषेत असे.

कॉम्प्युटरचा प्रोसेसर म्हणजे फडावरचा हुशार मुकादम. कोणतेही काम सांगा, तो करील. पण माणूस एकटा. आमच्या मशीनमध्ये असे चार मुकादम. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ऊसतोडीची टोळी. एकेक माणूस मुकादमाएवढा हुशार नाही, पण शेकडो जण आपापल्या सरीत एकाच वेळी कोयता चालवतात. पडद्यावर लाखो ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग, उजेड, सावली काढायची म्हणजे तेच ते छोटे काम लाखो वेळा करायचे. ते टोळीचे काम आहे, मुकादमाचे नव्हे. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने जीफोर्स २५६ नावाचे कार्ड काढले आणि 'जीपीयू' हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला. तेव्हा ते खेळासाठीच होते. पुढे तीच टोळी घरांचे नमुने, व्हिडिओ, आजारपणाच्या तपासणीतील चित्रे, सगळ्या कामाला जुंपली गेली. आबांनी हे ऐकून घेतले. म्हणाले, "टोळी आणायची तर मग आणा. पर उचल किती द्यावी लागंल?"

मुख्य प्रश्न तोच होता. वस्तीतून आणि जवळच्या दोन गावांतून वर्गणी जमली १४,३५० रुपये. त्यात पाचशेच्या नोटा थोड्या, दहा-वीसच्याच जास्त. शेजारच्या गावच्या एक आजी, ज्यांचा नातू आमच्याकडे अभ्यासाला येतो, त्यांनी पन्नास रुपये दिले आणि पावती मागून घेतली. त्या पावतीची आठवण आम्हाला पुढे सारखी होत राहिली.

मुलांची पहिली मागणी मोठ्या कार्डाची होती. कोणाच्या तरी मोबाईलवर त्यांनी आरटीएक्स ३०६० पाहिले होते. आम्ही म्हटले, आधी हिशेब मांडू. जमा किती, खर्च किती, हे पाहिल्याशिवाय आमच्या हातून सही होत नाही. पण या वेळी जमाखर्च रुपयांचा नव्हता, वॅटचा होता. कॅबिनेटचा पत्रा काढला. आतील एसएमपीएसवर एक स्टिकर असते. आमच्यावर लिहिले होते २९० वॅट. ही जमा. आता खर्चाची बाजू. प्रोसेसर जास्तीत जास्त ८४ वॅट खातो. मदरबोर्ड, डिस्क, पंखे वगैरे मिळून ५० धरू. झाले १३४. आता ३०६० कार्ड एकटे १७० वॅट मागते. बेरीज ३०४. जमा २९०, खर्च ३०४. तूट! शिवाय एसएमपीएसचा आकडा शेवटच्या वॅटपर्यंत कधी ताणायचा नसतो. फलटणच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत तर नाहीच.

मुले म्हणाली, एसएमपीएस मोठा घालू. तेही पाहिले. कंपनीच्या ब्रँडेड मशीनमध्ये पुष्कळदा एसएमपीएसची पिन वेगळ्या घाटाची असते, बाजारातील साधा त्यात बसत नाही. आमचे मशीन त्याच जातीचे निघाले. आणि समजा बसवलाच, तरी चार मुकादमांना एवढ्या मोठ्या टोळीला काम पुरवताना दम लागणार. टोळी बसून राहणार आणि उचल मात्र आपण देणार. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण जणू या मशीनसाठीच असावी.

मग मार्ग कोणता? मुलीने शोधून काढले की कार्ड ज्या लांब खाचेत बसते, ती पीसीआय एक्स्प्रेसची खाच स्वतःच ७५ वॅटपर्यंत वीज देऊ शकते. ७५ च्या आत भागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसपासून वेगळी वायर लागत नाही. म्हणजे आमचा खर्च ८४ अधिक ५० अधिक ७५, एकूण २०९. शिल्लक ८१. हा ताळेबंद आम्हाला पटला. फलटणमध्येच निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ पासूनची. तिथे डॉ. अनिल राजवंशी यांनी खेड्यातील घरासाठी 'नूरी' नावाचा कंदील केला, विजेवर चालणारी सायकल रिक्षा केली. वापरणाऱ्या माणसाला पेलेल असे यंत्र करावे, ही शिकवण आपल्या गावात असताना आपण बारा घाटाचे पाणी पिऊन आलेले अवजड कार्ड का उचलावे?

पण त्याआधी एक गोष्ट आम्ही केली, ती वाचकांना आवर्जून सांगतो. मशीन नक्की कुठे अडते आहे, ते पाहिले. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर म्हणून एक खिडकी उघडते. तीत प्रोसेसर, रॅम, डिस्क कोण किती राबते आहे याचे आलेख दिसतात. आमच्या मशीनमध्ये मशीन सुरू केल्यापासून हार्डडिस्क शंभर टक्क्यांवर घासत होती. म्हणजे निम्मे दुखणे कार्डाच्या अभावाचे नव्हतेच! गेल्या ऑगस्टमध्ये १,६०० रुपयांची २४० जीबीची एसएसडी टाकली आणि ९०० रुपयांत आठ जीबीची एक जुनी रॅम वाढवली. जे मशीन सुरू व्हायला चार मिनिटे घेई, ते अर्ध्या मिनिटात उभे राहू लागले. कार्डाची घाई असलेल्या कितीतरी घरांचे काम एवढ्यावरच भागेल असे आम्हाला वाटते. मात्र आमच्या तिघांचे भागले नाही. घर अजूनही अडखळतच फिरत होते.

आता ७५ वॅटच्या आतील कार्डांची यादी मुलीने वहीत केली. एएमडीचे आरएक्स ६४०० कार्ड फक्त ५३ वॅटचे, २०२२ चे. पण ते खाचेच्या सोळा वाटांपैकी चारच वाटा वापरते. नव्या मदरबोर्डावर हे खपते, जुन्यावर वाट अरुंद होते. शिवाय त्यात व्हिडिओ तयार करून देणारा खास भाग नाही, म्हणजे लग्नवाल्या मुलांच्या उपयोगाचे नाही. इंटेलचे आर्क ए ३८० कार्डही त्याच वर्षाचे. पण त्याला मदरबोर्डमध्ये 'रिसायझेबल बार' नावाची सोय लागते, आणि ती आमच्या वयाच्या मशीनमध्ये नाही. जीटी १०३० तीस वॅटचे, स्वस्त. पण त्यात दोन प्रकार आहेत. एकाची मेमरी जीडीडीआर-फाईव्ह, दुसऱ्याची डीडीआर-फोर. नाव तेच, डबा तसाच, पण दुसऱ्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी. ग्राहकाने काय करावे!

राहिली दोन. जीटीएक्स १०५० टीआय, २०१६ चे, आणि जीटीएक्स १६५०, २०१९ चे. दोघांनाही चार जीबी मेमरी, दोघेही ७५ वॅटची. १६५० मध्ये ८९६ कामकरी, १०५० टीआयमध्ये ७६८.

इथे आमची चूक सांगितली पाहिजे.

आमच्या ओळखीतून एक जुन्या मालाचा विक्रेता कळला. कुठला, ते लिहीत नाही. त्याच्याकडे १०५० टीआय ४,५०० रुपयांत मिळत होते. बाजारभावापेक्षा स्वस्त. शिवाय त्याला मागे व्हीजीएची पिन होती, आणि अभ्यासिकेचा मॉनिटर जुना, त्याला व्हीजीए सोडून दुसरी पिनच नाही. आम्हाला वाटले, देवाजीच्या पावण्याची गरज नाही, हिशेबानेच पावले. पैसे काढण्यासाठी आम्ही खिशात हात घातला. तेवढ्यात मुलगी हळूच म्हणाली, "काका, थांबा. ह्याला व्हीजीए कशी काय?"

आम्ही तिच्यावर जरा चिडलोच. पिन आहे हे चांगलेच नव्हे का? तिने बाजूला घेऊन सांगितले. १०५० टीआयच्या पिढीच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा जुन्या धर्तीचा सिग्नल निघतच नाही. २०१०-११ मधील जीटीएस ४५० आणि जीटीएक्स ५५० टीआय या जुन्या कार्डांतील प्रोग्रॅम बदलून ती १०५० टीआय म्हणून विकतात. मशीनला लावली तर पडद्यावर नावही तेच दाखवतात. म्हणजे जी पिन आमच्या सोयीची, तीच खोटेपणाची खूण होती! तिने विक्रेत्याला विनंती केली, कार्ड एकदा मशीनला लावून दाखवा, जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवून बघू. २०१८ पासून हा प्रोग्रॅम असे बनावट कार्ड ओळखतो आणि नावाच्या आधी 'फेक' असा शब्द लिहितो. विक्रेता म्हणाला, वेळ नाही, घ्यायचे तर घ्या. आम्ही न घेता निघालो.

परतीच्या वाटेवर आम्ही फारसे बोललो नाही. इतकी वर्षे तीन-तीन दरपत्रके मागवून खरेदीच्या नोंदी लिहिणारे आम्ही, स्वस्त दर पाहून लोकांच्या दहा-वीसच्या नोटा भंगारात घालणार होतो. आणि त्या दुकानात विक्रेता सारा वेळ आमच्याशी बोलत होता. मुलीकडे त्याने एकदाही पाहिले नाही. आम्हीही तिला सोबत नेले होते ते 'चल, बघशील' एवढ्याच भावनेने. जाणकार ती होती आणि साहेब आम्ही झालो होतो. घरी आल्यावर आम्ही हे कमिटीपुढे जसेच्या तसे सांगितले. आबा म्हणाले, "आता हितनं म्होरं खरेदी पोरगीच करंल. तुमी पिशवी धरा." तसा ठराव झाला आणि आम्हीच तो इतिवृत्तात लिहिला.

खऱ्या १०५० टीआयचाही नाद आम्ही सोडला. त्याचे कारण असे. त्या पिढीच्या कार्डांना एनव्हिडियाचे नेहमीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार. १६५० त्याच्या पुढच्या पिढीचे, म्हणून तेच ठरले.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी लोणंद, जेजुरी, सासवड करीत एसटीने पुण्याला गेलो. मुलीचे तिकीट अर्धे, आमचे पूर्ण, दोन्ही आमच्या खिशातून. या वेळी मुलगी पुढे आणि आम्ही मागे पिशवी घेऊन. तिने दुकानदाराला आधी सांगितले, वायर लागणारे १६५० नको. काही कंपन्या याच कार्डाला जादा सहा पिनांची वायर लावून विकतात, ते आमच्या मशीनला चालणार नाही. मग तिने सोबत आणलेल्या पट्टीने कार्डाची लांबी मोजली. कॅबिनेटच्या आतील जागा ती घरूनच मोजून वहीत लिहून आली होती. पंखा हाताने फिरवून पाहिला. २०२१ च्या आसपास आभासी चलन काढण्यासाठी लोकांनी कार्डे रात्रंदिवस राबवली आणि नंतर विकली. अशा कार्डाचे पंखे आधी झिजतात, हे तिला ठाऊक होते. दुकानदाराने कार्ड लावून दिले, जीपीयू-झेडमध्ये नाव चोख आले, अर्धा तास जोर देऊन चालवले. वापरलेले कार्ड, किंमत ७,२०० रुपये, एक महिन्याची तोंडी नव्हे तर लेखी हमी. व्हीजीए मॉनिटरसाठी एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर ३५० रुपयांना घेतला. तो आठवणीने घेतला नसता, तर रात्री नऊ वाजता फलटणला उतरून आम्ही कार्ड हातात घेऊन मॉनिटरकडे बघत बसलो असतो.

हिशेब असा. जमा १४,३५०. एसएसडी १,६००, रॅम ९००, कार्ड ७,२००, कन्व्हर्टर ३५०. एकूण खर्च १०,०५०. शिल्लक ४,३००. शिल्लक ठेवण्याला कारण आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ आमच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला कंपनी अधिकृतपणे देत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्यांची एक वर्षाची मुदतवाढ आहे, ती आम्ही घेतली. त्यानंतर लिनक्सवर जायचे किंवा मशीन बदलायचे. मशीन बदलले तरी हे कार्ड वाया जाणार नाही. वेगळी वायर न मागणारे कार्ड पुढच्या मशीनमध्येही बसवता येते. जुन्या मशीनवर पैसा घालताना तो उद्या काढून नेता येईल असा घालावा, हे आम्ही या प्रकरणात शिकलो.

कार्ड बसल्यावर ब्लेंडर या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घराचे एक चित्र पुरे व्हायला पूर्वी पाऊण तास लागे, ते आठ-नऊ मिनिटांत होऊ लागले. लग्नाचे व्हिडिओ मुले आता अभ्यासिका बंद होण्याआधी संपवतात. आणि हो, आबांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मुले गेमही खेळतात. रविवारी संध्याकाळी एक तास, तशी परवानगी दिली आहे. आबा तेव्हा मागे खुर्ची टाकून बसतात. पहारा म्हणून बसतात, असे ते सांगतात.

मागच्या महिन्यात त्या पन्नास रुपयेवाल्या आजी नातवाला घेऊन आल्या. त्यांना घरकुल मंजूर झाले आहे, २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. पाया अजून खणायचा आहे. मुलीने त्यांना खुर्चीवर बसवले आणि तेवढ्याच मापाचे घर पडद्यावर उभे केले. दारातून आत नेले, खिडकीशी नेले, वळून मागे दाखवले. घर अडखळले नाही. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बोट पुढे करून म्हणाल्या, "बाय, मोरी हितं आन् चूल तिथं? पाणी घरभर फिरंल की." मुलीने मोरी उचलून चुलीच्या बाजूच्या भिंतीला लावली. आजी म्हणाल्या, "आता खिडकी चुलीम्होरं घे. धूर जाऊ दे." खिडकीही सरकली. आयुष्यभर दुसऱ्यांनी आखलेल्या घरात राहिलेल्या बाईने आपल्या घराची भिंत बोटाने सरकवलेली आम्ही त्या दिवशी पाहिली. गवंड्याला दाखवायला त्या चित्राचा कागद छापून त्यांनी नेला. जाताना पन्नास रुपयांची पावती मात्र परत पदरात बांधली.

वाचकहो, आपल्या घरी किंवा अभ्यासिकेत असे जुने मशीन असेल आणि मुले कार्ड मागत असतील, तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. आधी टास्क मॅनेजर उघडून दुखणे कुठे आहे ते पाहा. एसएमपीएसचे स्टिकर वाचा. कॅबिनेटमधील जागा पट्टीने मोजा, मॉनिटरची पिन बघा. कशासाठी हवे, ते मुलाकडून नव्हे तर मुलासोबत बसून लिहून काढा. जुने कार्ड चालवून दाखवल्याशिवाय घेऊ नका. आणि घरात जो जाणकार असेल, त्याला दुकानात पुढे करा, मग ते वयाने कितीही लहान असो.

आमच्या हिशेबाची वही आणि मुलीची मापांची वही, दोन्ही अभ्यासिकेच्या कपाटात ठेवल्या आहेत. कोणीही येऊन पाहाव्यात. जयभीम.